चौथ्या ओळीवरची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी रेघ आहे. हसलात ना? हसा. रेघेला कसलं आलंय आयुष्य, असं सगळ्यांनाच वाटतं. पण आज मला बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि वेळही फार नाही.

माझा जन्म एका कचेरीतल्या संगणकात झाला. तिथे इमारती बांधण्याआधी पडद्यावर उभ्या करतात. मला जन्म दिला तिथल्या नकाशे काढणाऱ्या ताईने. एका शाळेची नवी इमारत होती, आणि तिच्या पूर्वेच्या भिंतीला दगडाच्या लाद्या लावायच्या होत्या. लाद्यांमधल्या सांध्यांच्या रेघा संगणक आपोआप भरतो. एक बटण दाबलं की भिंतभर शेकडो रेघा! त्या नुसत्या दिसण्यापुरत्या. मला मात्र ताईने स्वतःच्या हाताने ओढलं, खालून चौथ्या ओळीवर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कारण माझ्या जागी खरोखरची फट सोडायची होती, बोटभर रुंद, आत मऊ रबर भरलेली. उन्हात दगड फुगतो. केसभरच, पण फुगतो. त्याला अंग पसरायला जागा लागते. ती जागा म्हणजे मी. काय तोरा होता म्हणून सांगू मला!

पण घाईघाईत ताईने मला त्या दिसण्यापुरत्या रेघांच्याच गटात टाकलं.

मग साहेब आले. पडद्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "हे काय गं? भिंत आहे की गणिताची वही? काढून टाक त्या रेघा. चित्र कसं स्वच्छ दिसलं पाहिजे."

"काढत नाही साहेब, लपवते," असं म्हणून ताईने सगळा गट बंद केला. त्यांच्याबरोबर मीही दिसेनाशी झाले. तोच नकाशा छापून कामावर गेला.

गवंडीकाका कामात मुरलेले. ते कचेरीत येऊन विचारून गेले, "ताई, एवढी मोठी भिंत, मध्ये कुठे फट नाही सोडायची?" ताईचा फोन वाजत होता. तिने कागदावर एक नजर टाकली. "नकाशात आहे तसंच करा, काका." मी आत जीव तोडून ओरडत होते. ऐकणार कोण?

काकांनी दगड असे घट्ट बसवले की सांध्यात कागद शिरू नये. लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. सकाळभर तापणारी ती भिंत दुपारी छान सावली देते, म्हणून तिच्याखाली बाक ठेवला. ताईची मुलगी ठकी त्याच शाळेत जाते. शाळा सुटली की ती त्या बाकावर बसून आईची वाट बघते.

चार उन्हाळे गेले. माझी कुणाला आठवणसुद्धा झाली नाही.

आज दुपारी गवंडीकाका कचेरीत आले, चेहरा पार उतरलेला. "ताई, शाळेवरूनच येतोय. बाकाच्या वरचे दगड पोट काढून पुढे आलेत. बोटाने वाजवले, तर पोकळ वाजतात. शिपायाला म्हटलं, पोरांना इथे बसू देऊ नकोस, तर म्हणतो, तसा सहीचा कागद आणा."

ताईने जुनी फाईल उघडली आणि तो गट चालू केला. भिंतभर रेघा उमटल्या, आणि त्यांत मी, चौथ्या ओळीवर. तिने मला पाहिलं आणि पडद्यावर माझ्यावरून बोट फिरवलं.

"अगं बाई... ही तर मीच काढली होती."

"मी विचारलं होतं तुम्हाला," काका हळूच म्हणाले.

तिची नजर घड्याळावर गेली. शाळा सुटून दहा मिनिटं झाली होती. तिने शाळेत फोन लावला. तो वाजतच राहिला. मग ती चपला न घालताच धावली, काका तिच्या मागोमाग.

ती फाईल अजून उघडीच आहे. आज मी येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसते आहे. पण काय उपयोग? मला पाय नाहीत.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी 'माझी काळजी घ्या' असं सांगायचं असतं. माझं जाऊ द्या. तुमच्यापैकी कुणी ठकीच्या शाळेत असेल, आत्ता त्या बाकावर तिच्या शेजारी बसलं असेल, तर तिचा हात धरा आणि उठा. दप्तर राहू दे तिथेच. वर बघत बसू नका. उठा.