यंदा नाच नाही

लोसालिने ऑकलंडच्या एका विद्यापीठात पॅसिफिक बेटांचा विषय शिकवायची. विभागाचा वार्षिक समारंभ आला की शहरातल्याच मांगेरे उपनगरातल्या टोंगन चर्चच्या बायकांना घेऊन येणं तिच्याकडे. त्या बायकांची पुढारी तिची सख्खी आत्या, व्हाइमोआना; आणि टोंगन घरात आत्यापुढे बापाचंही चालत नाही.

"यंदा नाच नाही," आत्या म्हणाली.

"का गं? पाय दुखतात का?"

"पाय ठणठणीत आहेत. दरवर्षी येतो, नाचतो, तुमच्या साहेबांना रताळी-डुक्कर खाऊ घालतो आणि भांडी घासून परत येतो. वर्गात आमच्याबद्दल काय शिकवता, ते सांगितलंत कधी?"

लोसालिनेला वाईट याचं वाटलं, की हा प्रश्न तिला स्वतःला कधी पडला नव्हता.

समारंभाला मंच रिकामाच राहिला. कुलगुरूबाईंनी विचारलं, "तुमची मंडळी कुठं आहेत?"

लोसालिनेला काहीतरी गोड कारण सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ती म्हणाली, "मांगेरेत. रुसली आहेत. समजूत काढायला आपणच जायला हवं."

कुलगुरूबाई खरंच गेल्या. चर्चच्या हॉलमध्ये बायकांच्या रांगेत जमिनीवर बसल्या. एकीनं तोंड उघडलं, "आमची पोरं तुमच्याकडे येतात आणि वर्षभरात सोडून जातात. आम्हाला कळतं ते शेवटी." मग सगळ्याच बोलू लागल्या. चहा दोनदा झाला. उठताना ठरलं ते एवढंच: टोंगन भाषेचा वर्ग शनिवारी याच हॉलमध्ये भरेल, आत्या आणि लोसालिने मिळून शिकवतील, आणि आत्याला विद्यापीठ शिक्षिकेचाच पगार देईल. नियमात बसवायला विद्यापीठानं अख्खा हिवाळा घालवला, पण बसवलं.

पहिल्या शनिवारी पोरं टोंगन रिवाजानं कमरेला मानाच्या चटया गुंडाळून आली. काहींच्या आयाही मागं येऊन बसल्या. लोसालिनेनं टोंगनमध्ये स्वागताचं भाषण सुरू केलं. दुसऱ्याच वाक्याला आत्यानं हात वर केला.

"थांब. राजाशी बोलायचे शब्द आपल्यात वेगळे असतात, ते तू पोरांना वापरतेस. कुणी शिकवलं तुला?"

"विद्यापीठानं," लोसालिने म्हणाली.

हॉल खदखदून हसला. तिचे कान लाल झाले. पण मग तीही हसली आणि आत्याच्या शेजारी मांडी घालून बसली.

"सांग मग," ती म्हणाली, "कसं म्हणू?"