घाटबाईचं पानी

जॅकचा दांडा पहिले डोमाजीच्या पाठीवर बसला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याले त्यानं डावा हात मधात घातला अन्‌ बोटं कडकन वाजले.

"दारू पिऊन चालवतं माही जीप?" चैतराम ठेकेदार ओरडला. त्याच्या कपाळातून रगत गळून राह्यलं होतं, नाकावरून मिशीत.

डोमाजी माहा मोठा भाऊ. सहा वर्सापासून ठेकेदाराची जीप चालवे, उकव्याच्या जंगलातून बालाघाटले. दारूचा थेंब नाही. त्या दिवशी घाटाच्या शेवटच्या वळनावर त्यानं ब्रेक दाबला, तं जीप अशी थरथरली का स्टेअरिंगच हातातून सुटलं. जीप कठड्यावर अन्‌ ठेकेदाराचं कपाळ काचेवर.

"सेठजी, महिना झाला सांगून राह्यलो," डोमाजी मातीत बसून बोलला. "ब्रेक मारला का गाडी कापते."

"गाडी नाही बे, तुहे हात कापते! परसो सुबे तक थरथर बंद नाही झाली तं दोन्ही हात तोडतो. मंग कोनाची गाडी चालवतं ते पाहीन मी बी."

घाटाखालचं आमचं सारं गाव उभं होतं. कोनी हललं नाही. मी बी नाही. खोटं काहून बोलू, मी भेलो होतो.

जीप आमच्या आंगनात आनली. गाड्यांचं काम मले कोनी शिकवलं नाही. सायकली, पंप, जे हाती लागलं ते खोलून पाह्यलं, बिघडवलं, दुरुस्त केलं. असाच शिकलो.

पहिले टायर पाह्यले. बराबर. स्टेअरिंगचे जोड हलवले. घट्ट. बेरिंग बी चांगली. मंग समोरचे चाक जॅकवर उचलले.

"डोमाजी, ब्रेकवर पाय ठेव. हलकासा."

उजवं चाक हातानं फिरवलं. सारखंच घासत गेलं. डावं फिरवलं. सुटलं, अडलं. सुटलं, अडलं. दर फेऱ्यात त्याच जागी.

"याच्या आतला ब्रेकचा ड्रम गोल नाही राह्यला," म्या म्हनलं. "अंड्यावानी झाला. म्हून ब्रेक धरते, सोडते, धरते."

"एवढं जाड लोखंड. अंड्यावानी कसं होईन बे?"

ते मले बी समजेना. हातपाय धुवून चुलीपाशी गेलो अन्‌ ओले हात झटकले.

"ओ भाऊजी!" तुळसावहिनी खेकसली. "तापल्या तव्यावर पानी नका मारू! मांगचा तवा तुमीच वाकवला. आता भाकर एकीकडून कच्ची राह्यते!"

म्या तव्याकडं पाह्यलं.

"वहिनी, पुन्हा बोल."

"काय बोलू? भुकेनं डोस्कं फिरलं का?"

मी बाहेर पळालो. "डोमाजी, घाटबाईपाशी ठेकेदार चाकावर पानी टाकते ना? कोनत्या?"

डोमाजीनं सुजलेल्या हातावरचं फडकं सोडलं अन्‌ माह्याकडं पाह्यलं. "तो बसते त्या बाजूच्या. डाव्या."

घाटबाई म्हंजे घाटाच्या पायथ्याचा शेंदूर लावलेला दगड. ठेकेदारानं नवस बोललता. दोन महिन्यामांगं नातू झाला, तवापासून घाट उतरला का नाल्यातून बालटी भरे अन्‌ चाकाले आंघोळ घाले. घाटभर ब्रेक दाबून दाबून ड्रम तव्यावानी तापलेला, त्याच्यावर नाल्याचं थंडं पानी.

दुसऱ्या दिवशी ड्रम सायकलवर बांधला अन्‌ उकव्याच्या लेथवाल्याकडून आतून गोल करून आनला. बसवला. फिरवला. सारखा घासत गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळीच ठेकेदार आला, दांडा घेऊनच. म्या सारं सांगतलं. त्यानं ऐकलं अन्‌ कानाखाली अशी मारली का डोळ्यापुढं अंधार झाला.

"बारा वर्सं झाले तुमाले बुद्ध होऊन. आपले देव सोडले, आता माह्या बाईवर दोष घालतं?"

"मारा नंतर. पहिले जीपमंदी बसा."

जीप म्या चालवली. बाजूले ठेकेदार, मांगं डोमाजी. घाट चढलो अन्‌ तसाच उतरलो. शेवटच्या वळनावर म्या जानूनच जोरात ब्रेक हानला. ठेकेदारानं डोळे मिटले, दांडा छातीशी धरला. जीप सरळ रेषेत उभी राह्यली. थरथर नाही.

ठेकेदार उतरला, नाल्यातून बालटी भरली अन्‌ डाव्या चाकापाशी आला.

म्या त्याचं मनगट धरलं.

"छोड!"

"थंडं होऊ द्या."

त्यानं दुसऱ्या हातानं तोंडात मारली. ओठ फाटला. पुन्हा मारली, पुन्हा. पोटात गुडघा घातला. पानी हिंदकळून दोघाच्याबी पायावर सांडलं. मले बी मारता आलं असतं. मन लय झालं. पन हात सोडला असता तं बालटी चाकावर गेली असती अन्‌ महिन्याभरात डोमाजीचे हात पुन्हा दांड्याखाली. मी धरूनच राह्यलो.

डोमाजी खाली उतरला. उजव्या हाताचे बोटं बालटीत बुडवले अन्‌ चाकाच्या भोकातून आत थेंब टाकले.

छन्न.

"अजून नाही," तो बोलला अन्‌ तिथंच बसला.

ठेकेदाराचा हात थांबला. थकला का आवाजानं थांबला, मले नाही मालूम. जरा वेळानं डोमाजीनं पुन्हा थेंब टाकले. छन्न. लय वेळ गेला. माह्या हनुवटीवरचं रगत वाळलं. मंग एकदाचे थेंब टाकले अन्‌ आवाजच नाही आला.

"आता घाला आंघोळ, सेठजी."

म्या मनगट सोडलं. त्याच्यावर माहे चार बोटं लाल उमटले होते. ठेकेदारानं पानी ओतलं, बाईले हात जोडले अन्‌ जीपमंदी जाऊन बसला. दांडा नाल्याकाठीच राह्यला.

ठेकेदाराचं पाहून आता तिथं प्रत्येक डायवर थांबते, एक बिडी वढते, थेंब टाकून पाहते अन्‌ मंगच पानी ओतते. कोनी इचारलं तं ठेकेदार सोता सांगते, "बाईनं मले दृष्टांत देला. बोलली, गरम चाक मले चालत नाही."

डोमाजी बाजूलेच राह्यते. ऐकते अन्‌ वाकड्या बोटानं गेर टाकते.