शेवटचं पान नसलेला शेख

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझ्या मुखपृष्ठावर पांढऱ्या झग्यातला देखणा शेख आहे. गळ्यात स्टेथोस्कोप, मागे वाळू आणि एक उंट. आतल्या गोष्टीत उंट एकदाही येत नाही, शेख मात्र पानोपानी येतो. तो वाळवंटातल्या राजघराण्यातला, नावाजलेला सर्जन आणि भलताच शिष्ट. परक्या देशातून आलेली एक नर्स त्याला अजिबात घाबरत नाही. पुढचं तुम्ही ओळखलं असेलच.

छापून झाल्यावर मी एका मोठ्या इस्पितळात, नर्सेसच्या खोलीत आले. त्यांनी मला अगदी डोक्यावर घेतलं. डबा खाताना एक जण मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्यांची हसून मुरकुंडी वळायची. "अगं, हा शेख अख्ख्या पुस्तकात एकदा तरी हात धुतो का?" असं मोठ्या सिस्टरनी विचारलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे त्यांच्या हाती मोबाइल आले आणि माझी रवानगी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर झाली. तिथे एक रीत पडली. ज्याचं माणूस आत आहे, त्यानं मला वाचावं, पण दार उघडेपर्यंत शेवटचं पान बघू नये, बघितलं तर अपशकुन. ही रीत कुणी पाडली, देव जाणे. माझ्यासारख्या फाटक्या पुस्तकावर एवढा भार!

अशात एका गृहस्थांचा बाक डुगडुगत होता. त्यांनी माझं शेवटचं पान फाडलं, घडी घातली आणि बाकाच्या पायाखाली सरकवलं. तेव्हापासून मी धास्तावलेलीच असते. बरेच दिवस ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दार उघडलं की लोक मला टाकून धावतात.

मग एक मुलगी आली. तिची आई आत होती, सोबत मावशी होती. आयाबाईंनी तिला रीत सांगितली. मावशीनं नाक मुरडलं. "कसला मेला शेख! असले डॉक्टर असतात का कुठे?"

मुलगी वाचत राहिली. गोष्टीत नर्सच ऑपरेशनच्या टेबलावर होती आणि सुरी शेखाच्या हातात होती. एवढ्यात थिएटरमधून एक सिस्टर घाईनं बाहेर आली, काहीतरी घेऊन कुणाकडेही न बघता आत गेली. मुलीला राहवेना. तिनं शेवट उघडला.

"मावशी, पानच नाहीये! मी आधी बघायला नको होतं गं. माझ्यामुळे आईला काही झालं तर?"

पान तुमच्याच बाकाखाली आहे, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड कुठलं?

मावशीनं मला उलटसुलट करून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "असल्या कादंबऱ्या मी नि तुझ्या आईनं गादीखाली लपवून वाचल्यात. एकीतही नर्स दगावली नाही."

"आणि आई?"

मावशीनं फक्त मुलीचा हात घट्ट धरला.

दार उघडलं. सर्जन बुटके होते, टक्कल पडलेले. धुऊन धुऊन त्यांची बोटं सुरकुतली होती. "नीट झालंय सगळं. थोड्या वेळानं भेटा," एवढंच म्हणून ते आत गेले.

मावशी घळाघळा रडली. डोळे पुसत म्हणाली, "बरा आहे गं आपला शेख."

दोघी धावल्या आणि मी जमिनीवर पडले. पण दुसऱ्या दिवशी मुलगी पेन घेऊन परत आली. जिथे माझं पान फाटलं होतं, तिथे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तिनं लिहिलं, 'ती बरी झाली.' कोण, ते लिहिलं नाही.

मित्रांनो, बाक डुगडुगला तर सुताराला बोलवा, पण पुस्तकाला हात लावू नका. शेवटच्या पानापाशी कुणाचा तरी जीव अडकलेला असतो. आत्ता एक आजोबा मला वाचताहेत. आजी आत आहेत. मघापासून त्यांनी पान उलटलेलं नाही, आणि दार अजून बंदच आहे.