पुढे दोन सीट

शेवटी केयूरने दोन सीटची पिकअप घेतली आणि त्याचे वडील मागे हौद्यात बसले. पण असं काही झालंच नाही, असं समजून आपण सुरुवात करू. घरातही सगळ्यांनी तसंच समजायचं ठरवलं आहे.

तर सदाशिव पेठेतल्या श्यामरावांचा लग्नामुंजीला खुर्च्या, टेबलं आणि मोठी पातेली भाड्याने द्यायचा धंदा. धंद्याचा तीनचाकी टेम्पो त्यांनी उभं आयुष्य चालवला. पुढे काचबिंदूने निम्मी नजर नेली, तेव्हा टेम्पो मुलाकडे, म्हणजे केयूरकडे आला आणि श्यामराव शेजारी सरकले. शेजारी म्हणजे पुढेच, वीतभर अंतरावर. तिथून त्यांच्याकडे एकच खातं उरलं. टेम्पो मागे घ्यायची वेळ आली की खाली उतरायचं, त्याच्या पाठीवर थापा मारायच्या आणि म्हणायचं, येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास. हे ‘बास’ अशा नेमक्या क्षणी यायचं की टेम्पो आणि भिंतीच्या मधून पोस्टकार्ड गेलं असतं, पाकीट गेलं नसतं. निम्म्या नजरेत हे कसं जमतं, ते कोणी विचारलं नाही. जमत होतं तोवर विचारण्यात अर्थ नव्हता, आणि जमलं नसतं तर भिंतीनेच सांगितलं असतं.

मग एका भर लग्नसराईत टेम्पोने मान टाकली. त्याच सुमारास केयूरची बायको ऋचा कंपनीतली नोकरी सोडून धंद्यात उतरली. तिने खुर्च्यांना पांढरे झगे घातले, मागे बो बांधला आणि या सगळ्याला डेकोर म्हणायला सुरुवात केली. त्याच खुर्च्या, पण झगा घातल्यावर लोक त्यांच्याशी आदराने वागू लागले. कामं वाढली. तेव्हा जुनी का होईना, पण चार चाकांची पिकअप घ्यायची ठरली. तीच खुर्च्या नेणार, तीच ऋचाला कात्रजला माहेरी नेणार, तीच दवाखान्यात आणि भाजीला. दुसरी गाडी परवडणार नव्हती. म्हणजे प्रश्न गाडीचा नव्हताच, सीटचा होता. रोज निघणारी माणसं तीन. हा प्रश्न इतका उघड होता की तो काढणं कोणालाच बरं दिसेना.

मार्केट यार्डाच्या मागे वैजनाथशेठ जुन्या गाड्या विकतात. त्यांच्याकडची प्रत्येक गाडी आधी डॉक्टरांची असते.

“ही घ्या. डॉक्टरसाहेबांची. एकहाती वापरलेली.”

“डॉक्टर पिकअप वापरतात?” केयूरने विचारलं.

“जनावरांचे आहेत. पेशंटला सोबत न्यावं लागतं.”

हौद्याला खरंच शेणाचा वास होता. वैजनाथशेठच्या तोंडून चुकून खरं निघालं असावं, कारण पुढची पाच मिनिटं ते जरा बावरलेलेच होते.

डॉक्टरांची गाडी दोन सीटची. लांब हौदा, एसी, आणि मागे घेताना मागचं दाखवणारा कॅमेरा. शेजारची गाडी पाच सीटची, पण तिचा हौदा इतका आखूड की त्यात खुर्च्या भरल्या तर पातेली पाहुण्यांना घरून आणायला सांगावी लागली असती. श्यामराव आधी पाच सीटच्या गाडीत मागे बसून आले. मग दोन सीटच्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसले. दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. दार चांगलं लागतं, एवढंच म्हणाले.

मग चहा आला. ऋचा म्हणाली, बाबा, तुम्ही म्हणाल ती घेऊ. केयूरही म्हणाला, हो, तुम्ही म्हणाल ती.

“दोनचीच घ्या,” श्यामराव म्हणाले. “मला आता कुठं जायचंय.”

आता हे वाक्य बाकीच्या महाराष्ट्रात कोणी उच्चारलं, तर तो नकार नसतो, ती सुरुवात असते. समोरच्याने लगेच म्हणायचं, अहो, असं कसं, तुमच्याशिवाय धंदा चालेल का? मग यांनी नको नको म्हणायचं, त्याने हाताला धरायचं, आणि तिसऱ्या खेपेला माणूस कुरकुरत पुढच्या सीटवर बसतो. पण श्यामरावांच्या घरात कायदा वेगळा होता, आणि तो खुद्द श्यामरावांनीच केला होता. पाहुण्याला चहा एकदा विचारावा. नको म्हणाला की गॅस पेटवू नये. आग्रह म्हणजे समोरच्याला खोटारडा ठरवणं, माणसाच्या शब्दाला मान द्यावा. त्यांचे नातेवाईक कोपऱ्यावर चहा पिऊनच जिना चढत. केयूर या कायद्यात वाढला होता. त्याने वडिलांच्या शब्दाला मान दिला. मान देताना त्याला आत कुठेतरी जे हलकं वाटलं, त्याला त्याने संस्कार असं नाव दिलं.

वैजनाथशेठ मूळचे परभणीकडचे. ते कप हातात धरून श्यामरावांना दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट बघत बसले. चहावर साय धरली. ऋचाने केयूरकडे पाहिलं, केयूरने टायरकडे. कोणीच विचारेना, तेव्हा शेठनी किल्ली दिली.

पहिलं काम कात्रजला, मुंजीचं. सकाळी गाडी भरून झाली आणि श्यामराव नेहमीप्रमाणे टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन खाली आले. पुढे ऋचा बसली होती, मांडीवर फुलांची टोपली. दोन सीटच्या मधे बाटली ठेवायला गोल खाच होती, तिथे केयूरने त्यांची बाटली ठेवली. बाटलीची सोय झाली.

“मी रिक्षाने येते, बाबा. तुम्ही बसा पुढे,” ऋचा म्हणाली. ती या घरात तीन वर्षं होती, म्हणून एकदाच म्हणाली.

“नको.”

श्यामराव मागे गेले, चाकावर पाय देऊन हौद्यात चढले, एक झगेवाली खुर्ची सरळ केली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. वरात पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या नवरदेवासारखे.

बोळातून गाडी मागे घ्यायची होती. केयूरसमोरच्या पडद्यावर भिंत दिसत होती, तिच्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा. कॅमेरा श्यामरावांच्या पायाखाली होता, त्यामुळे पडद्यावर सगळं दिसत होतं, ते सोडून. काचा बंद होत्या, एसी चालू होता. आरशात केयूरला फक्त एक हात दिसला, हौद्याच्या फळीवर थापा मारणारा. बहुतेक बास म्हणून झालं होतं. गाडीने त्याच्या आधीच पीप केलं होतं.

सातारा रस्त्यावर सिग्नलला वाहतूक शाखेच्या बाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली. मालाच्या गाडीत माणूस बसवता येत नाही, काकांना उतरवा, असं त्यांनी केयूरला सांगितलं. केयूर मागे आला.

“बाबा, उतरता का?”

“नको.”

केयूर बाजूला झाला. बाई मागे आल्या.

“काका, गाडीत माणसं किती चालतात, माहीत आहे ना?”

“दोन. पुढं बसलीत. मोजून घ्या.”

“मग तुम्ही कोण?”

“पुढं माणसं, मागं माल,” श्यामराव म्हणाले. “मी मागं आहे.”

बाईही पेठेतल्याच असाव्यात. त्यांनी पावतीपुस्तकातून मान वर न करता सांगितलं, “असं तोंडी चालत नाही. साहेबांच्या नावाने अर्ज द्या.”

श्यामरावांनी ऋचाकडून कागद मागवला. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं आणि रस्त्यात उभं राहून, कागद हौद्याच्या फळीवर टेकवून केयूरने लिहिलं. शेजारून जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तो एकदाही थांबला नाही. केयूरचं अक्षर चांगलं आहे.

प्रति,
मा. साहेब, वाहतूक शाखा, पुणे.

विषय: सदर बदलून मिळणेबाबत.

महोदय,

अर्जदार मालवाहू गाडीच्या हौद्यात बसलेला आढळला, हे खरे आहे. पुढे जागा नाही, हेही खरे आहे. अर्जदार वजनाने मर्यादेत असून रस्त्यात सांडत नाही. मालाला मालक असतो, चढवताना व उतरवताना त्याची मोजदाद होते आणि वाटेत कमी भरल्यास कोणीतरी चौकशी करतो. माणूस या सदरात अर्जदारास अशी सोय आढळलेली नाही. तरी अर्जदाराचे नाव माणूस या सदरातून कमी करून माल या सदरात घेण्यात यावे व तसा दाखला सिग्नल सुटण्यापूर्वी मिळावा, ही नम्र विनंती.