दगडाची मागची बाजू

आईचे गुडघे पहाटेपासूनच कुरकुरत होते, पण तिनं ते कबूल केलं असतं तर ती आई कसली. बस शेवटच्या थांब्यावर पोचली तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच उतरली. काठी तिनं अशी बगलेत मारली होती, जशी ती दुसऱ्या कुणाचीतरी सांभाळायला घेतलीय. तिच्या मागून धाकटा पेंटर उतरला. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत पाव, उकडलेली अंडी, चहाचा थर्मास, पिवळ्या रंगाचा डबा, दोन ब्रश आणि दगड घासायचा तारेचा ब्रश होता. आणखी एक गोष्ट त्याच्याजवळ होती, पण ती कुठल्या पिशवीत मावणारी नव्हती. बाबांच्या मरणाबद्दलची ती गोष्ट दोन वर्षं त्यानं आईपासून लपवली होती. आज नदीच्या उगमापाशी पोचलो की ती सांगून टाकायची, असं त्यानं ठरवलं होतं.

त्याला धाकटा पेंटर म्हणत, कारण मोठे पेंटर म्हणजे त्याचे बाबा. बाबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत घर, त्यामुळे घरातल्या उशांनाही टर्पेंटाइनचा वास यायचा. फळीवरचे डबे लावायचं काम आईचं. कुठला डबा कुठे आहे, त्यात किती बोटं रंग उरलाय, हे ती डोळे मिटून सांगायची. पण तिचं खरं काम रस्त्यावरचं होतं. पाटी रंगवून झाली की बाबा शिडीवरच थांबायचे आणि आई रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहायची. तिथून तिनं "दिसतंय" म्हटलं की काम संपलं. ती म्हणेपर्यंत बाबा खाली उतरत नसत. एकदा न्हाव्याच्या पाटीवरची कात्री तिला कोंबडीसारखी दिसली, तर बाबांना ती तीन वेळा काढावी लागली. न्हावी म्हणत होता, चालेल हो पेंटर. आई म्हणाली, केस कापायला कोंबडी कोण बसवतं?

धाकटा त्याच तालमीत तयार झाला. लहानपणी त्यानं एका पाटीची मागची बाजूही हौसेनं रंगवली होती, तेव्हा बाबांनी त्याचा कान पिळला होता. "पाठीमागं रंग लावून कुणाला दाखवणार? भिंतीला?" म्हणाले होते. तो धडा त्याच्या अंगात भिनला. पुढे त्यानं रंगाचा एक थेंब कधी पाटीच्या मागे जाऊ दिला नाही.

आणि मग तीन वर्षांपूर्वी, पायी भटकणाऱ्यांच्या एका मंडळानं त्याला उगमाच्या फेरीचं काम दिलं. फेरी म्हणजे दिवसभराची गोल वाट. बसथांब्यापासून नदीच्या काठाकाठानं वर चढायचं, दुपारी उगमापाशी पोचायचं, तिथून डोंगराच्या धारेवर जायचं आणि पलीकडच्या उतारानं संध्याकाळी परत त्याच थांब्यावर यायचं. वाटेतल्या दगडांवर तळहाताएवढे पिवळे पट्टे काढायचे होते. धाकट्यानं ते एकट्यानं, चार दिवसांत काढले. चढता चढता जो दगड समोर येई, त्याचं समोर येणारं तोंड घासायचं, रंग धरून राहावा म्हणून आधी अस्तराचा हात द्यायचा, वर पिवळा पट्टा मारायचा. काम देखणं झालं. मंडळाचे लोक खूश झाले.

बाबांनी काम सोडलं तेव्हा त्यांच्या पायांत अजून जोर होता. जन्मभर या नदीचं पाणी प्यायलो, ती निघते कुठून ते एकदा बघावं, असं ते म्हणायचे. एका सकाळी त्यांनी डबा बांधून घेतला. "तुझं काम बघून येतो," धाकट्याला म्हणाले. धाकट्याला त्या दिवशी एका शाळेची भिंत संपवायची होती. तो नुसतं "बरं" म्हणाला. मान वळवूनही त्यानं बघितलं नाही.

बाबा परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी उगमाच्या बरंच खाली, एका घळीत, कड्याच्या पायथ्याशी ते सापडले. शोधायला गेलेली माणसं खालून वर चढत गेली होती, त्यामुळे त्यांना प्रत्येक खूण दिसली. "खुणा तर ढळढळीत आहेत," ती माणसं म्हणाली. "म्हाताऱ्यानंच वाट सोडली. असतो एकेकाचा हट्ट." आईनं ते ऐकलं आणि मनाशी घट्ट धरून ठेवलं. तेव्हापासून ती बाबांवर रागावलेली होती. मेलेल्या माणसावर रागावण्यात सगळ्यात वाईट हे की, समोरून उत्तर येत नाही. जेवताना मध्येच ती म्हणायची, "एवढा पोरानं रंग मारून ठेवलाय, तर सरळ चालायला काय झालं होतं?" आणि धाकटा खाली मान घालून घास गिळायचा.

आज ते दोघं वाट चढत होते. नदी उजव्या हाताला होती, आधी गुडघाभर, मग घोटाभर. वर्षातून एकदा खुणांना रंगाचा नवा हात द्यावा लागे, आणि या वेळी आई म्हणाली होती, मीही येते. का, ते तिनं सांगितलं नाही, आणि विचारायची धाकट्याची छाती झाली नाही. दगड आला की तो घासायचा, रंगवायचा, आणि आई तेवढ्यात दम खाऊन घ्यायची. वर "मी तुझ्यासाठी थांबलेय" असंही म्हणायची.

दुपार व्हायच्या तासभर आधी एक उंच, एकटा दगड लागला. कमरेच्या वर येणारा. धाकट्यानं त्याच्यावर पट्टा मारला, पण अगदी घाईत, मान वर न करता.

"कड वाकडी गेली," आई म्हणाली.

"जाऊ दे."

"जाऊ दे?" आईनं त्याच्याकडे पाहिलं. हा शब्द त्यांच्या घरात कुणी कामाच्या बाबतीत वापरत नसे. पण तो पुढे निघाला होता.

उगम म्हणजे काही फार नव्हतं. एका काळ्या खडकाखाली ओल, ओलीवर शेवाळ, आणि शेवाळातून करंगळीएवढं पाणी बाहेर येत होतं. आई बराच वेळ बघत राहिली. मग वाकून तिनं ओंजळ धरली. ती भरायला फार वेळ लागला.

"एवढीशीच?" ती म्हणाली. "ह्याच्यासाठी गेले होय ते?"

सांगायची वेळ हीच होती. धाकट्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "अंडं सोलून देऊ?"

त्यांनी पाव आणि अंडी खाल्ली. चहा प्यायला. वाऱ्यानं गवत लवत होतं. दोनदा त्यानं मनाची तयारी केली, आणि दोन्ही वेळा आईनंच दुसरं काहीतरी काढलं, किंवा निदान त्याला तसं वाटलं. भित्र्या माणसाला सबबी शोधाव्या लागत नाहीत, त्या आपणहून चालत येतात.

मग आईनं वरच्या धारेकडे बघितलं, गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तो डोंगर काही आता माझ्याच्यानं होत नाही. आलो तसेच परत जाऊ."

धाकटा पटकन उठला. "आई, फेरी पुरी करू या ना. हळूहळू जाऊ. मी हात धरतो."

"आल्या वाटेनं जायला काय होतंय? आडवं पडलंय का कुणी तिथं?"

तिच्या तोंडून ते निघून गेलं आणि तिनं जीभ चावली. ती उठली. काठी टेकत उतरायला लागलीसुद्धा.

पहिल्या दगडाशी ती थांबली. "मागच्या बाजूलाही आहे की खूण. बरं केलंस." दुसऱ्या दगडावर होती, तिसऱ्यावरही होती. चौथ्या दगडाशी ती वाकली आणि तिनं पिवळ्या पट्ट्यावरून नख फिरवलं. पोपडा सहज निघाला, खाली उघडा दगड दिसला. चाळीस वर्षं जिनं डबे सांभाळले, तिला कारण विचारावं लागलं नाही.

"ह्याला अस्तर नाही," ती म्हणाली. "पुढच्या बाजूला आहे, ह्याला नाही. हे कधी काढलंस?"

सुरुवातीलाच, असं म्हणता आलं असतं. अस्तर संपलं होतं, असंही म्हणता आलं असतं. तिनं ते खरंही मानलं असतं कदाचित. धाकटा त्या उघड्या दगडाकडे बघत राहिला.

"बाबा गेल्यावर," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी."

आईनं काठी दोन्ही हातांनी धरली.

"मी वर आलो होतो, आई. उगमापर्यंत. येताना सगळं व्यवस्थित दिसत होतं. मग म्हटलं, बाबा इथं पोचले असतील, वर ढग उतरले असतील, धारेवर जाण्यात शहाणपण नाही असं त्यांना वाटलं असेल. म्हणून मागं वळून बघितलं. एक खूण दिसत नव्हती. एकसुद्धा नाही. सगळे दगड कोरे. मी पुढून पुढून रंगवत गेलो होतो, पाटी रंगवतात तसा. परत फिरणाऱ्याला काय दिसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही." त्यानं आईकडे बघितलं. "बाबांनी वाट सोडली नाही. त्यांना वाट मी दाखवलीच नव्हती."

आई नखात अडकलेल्या पिवळ्या पोपड्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा त्याला वाचता येईना. मग ती म्हणाली, "फळीवरनं एक पिवळा डबा गेला होता तेव्हा. मला वाटलं, दुःखात मीच मोजायला चुकले." आणि ती उतरायला लागली.

तासाभरानं तो उंच दगड आला. वरून उतरताना तिथे वाटेला सरळ सरळ दोन फाटे फुटत होते. चढताना त्यातला एकच दिसतो, दुसरा पाठीमागून येऊन मिळतो, त्याच्याकडे लक्षही जात नाही. उतरताना मात्र तोच जास्त रुंद आणि जास्त सोपा वाटतो. गुरांच्या पायांनी तो तसा झाला होता, आणि पुढे तो कड्यापाशी संपत होता. दगड दोन्हींच्या मधोमध उभा होता. वरून दिसणारं त्याचं तोंड कोरं होतं.

आईनं रुंद फाट्याकडे पाहिलं. मग दगडाकडे. मग लेकाकडे.

"हा का राहिला?"

"त्या दिवशी इथवर आलो, आणि हात उचलला नाही. खालचे पुढे केले सगळे. हा तेवढा…"

"आणि दोन वर्षं हा असाच?" आईचा आवाज चढला. एवढा चढलेला तो त्यानं न्हाव्याच्या कोंबडीच्या वेळीही ऐकला नव्हता. "दरवर्षी येत होतास ना? शेजारून जात होतास ना? रोज माणसं चालतात ह्या वाटेनं! आधीची ती चूक होती. ती आपल्या घरातली चूक, त्यांनीच तुझ्या कानाला धरून शिकवलेली. पण हे दोन वर्षांचं? हे तुझं एकट्याचं आहे. आणि मी वेडी, रोज त्यांना नावं ठेवत बसले. ताटावर बसून शिव्या दिल्या मी त्यांना. तू ऐकत होतास!"

"ऐकत होतो," तो म्हणाला.

ती दगडाला टेकून रडली, मोठ्यानं, तोंड न झाकता. धाकटा तिच्याजवळ जायला निघाला, तर तिनं हातानंच त्याला थांबवलं. तो थांबला. तिचं रडणं संपेपर्यंत तो तसाच उभा होता, आणि आपणही रडतोय हे त्याला नंतर कळलं.

मग पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "डबा काढ. अस्तर आणलंयस?"

"नाही."

"मग घासून तरी नीट घे. अस्तराला पुढच्या आठवड्यात परत येऊ. सगळ्या दगडांच्या."

त्यानं तारेच्या ब्रशनं दगड घासला, धूळ फुंकली, डबा उघडला. मागे वळून बघतो तर आई नव्हती. ती वर चढत होती, आत्ता उतरून आलेलाच चढ, काठीवर भार टाकत, चार पावलांवर थांबत. "आई, गुडघे!" तो ओरडला. तिनं मागे पाहिलं नाही. जिथून वाट वळून फाट्यांकडे उतरते, ढगांतून येणाऱ्या माणसाला जिथून हा दगड पहिल्यांदा दिसला असता, त्या जागी जाऊन ती उभी राहिली. रस्त्यापलीकडे उभी राहायची तशी.

त्यानं पट्टा मारला. कड सरळ काढली. बाजूला झाला.

"नाही दिसत," वरून आवाज आला. "मोठा कर."

त्यानं मोठा केला.

"अजून. म्हाताऱ्या डोळ्यांना दिसायला हवा."

त्यानं डब्यात होता नव्हता तेवढा रंग वापरला. कोपरापर्यंत हात पिवळे झाले. दगडाचं सगळं तोंड पिवळं झालं, आणि तो बाजूला होऊन, लहानपणी शिडी धरून थांबायचा तसा, थांबून राहिला.

वर आई बराच वेळ बघत होती. वारा होता. तिचा पदर उडत होता, आणि तिनं तो सावरला नाही.

"दिसतंय," ती म्हणाली. आणि मग तिथूनच, त्या रुंद फाट्याकडे तोंड करून, जरा हळू आवाजात, "ऐकलंत का? आता दिसतंय."