दगडाबाईच्या हातातली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. सिल्लोडच्या एका घरात माळ्यावर, फुटक्या सुपाशेजारी पडून असते. कापड विरलं आहे, तीन काड्या मोडल्या आहेत. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. फार वर्षांपासून मला कशाचंच फारसं काही वाटत नाही.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शननंतर चार-पाच वर्षांनी औरंगाबादच्या बाजारात वहाबमियांनी मला बांधलं. काळं जाड कापड, वेताची मूठ. "वादळात बी उलटायची नाय, भाऊ," असं सांगून त्यांनी मला वेरूळच्या पुंजारामाला विकलं. मी तेव्हा भलतीच तोऱ्यात होते. पावसात शेतावर, उन्हात बाजाराला, पुंजाराम माझ्यावाचून घर सोडत नसे.

पुंजारामाला दोन मुली. थोरली दगडाबाई चांगली काळी. रंग आवडला नाही म्हणून नवऱ्यानं तिला वर्षाच्या आत माहेरी आणून सोडलं होतं. धाकटी चतुरा मात्र गोरीपान. सिल्लोडकरांनी तिचा रंग बघूनच होकार दिला होता.

लग्न वैशाखातलं, मुहूर्त भर दुपारचा. हळदीच्या अंगानं चतुराला पाटावर बसवलं आणि वावटळ उठली. मांडवाचं कापड फाटून पार शेतात गेलं. एकदा बसलेली नवरी अक्षता पडेपर्यंत उठवायची नाही, ही त्या घरची रीत. वऱ्हाडाच्या बैलगाड्या तर अजून वाटेतच होत्या.

"पोरगी काळवंडली तर पाहुणे काय म्हणतील?" पुंजारामाचा धीर सुटला.

दगडाबाईनं मला खुंटीवरून काढलं. "म्या धरते छत्री. हिचं माझ्यावानी नाय व्हायचं."

"धर, पण लांबून," आत्या द्वारकाबाई म्हणाली. "टाकलेल्या बाईची सावली हळदीच्या नवरीवर पडू देऊ नगं."

म्हणून दगडाबाई उन्हात उभी राहिली, आणि हात लांब करून तिनं मला चतुरावर धरलं. ऊन सरकलं की तीही सरके. माझ्याखाली दोघी सहज मावल्या असत्या. तास झाला, दोन तास झाले. माझं कापड तापून चटका देऊ लागलं.

"आक्का, आत ये की," चतुरा हळूच म्हणाली.

"गप बैस. हळद पुसंल."

दगडाबाईला कुणी पाणी विचारलं नाही. काळीला काय ऊन लागतंय, असंच सगळ्यांना वाटत होतं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

वऱ्हाड आलं. "नवरी बाकी लई उजळ हाय," वरमाय कौतुकानं म्हणाली. दगडाबाई हसली. अक्षता पडेपर्यंत ती उभी होती. मग खाली बसली, मग आडवी झाली. अंग तव्यासारखं तापलं होतं. बायकांनी कांदा ठेचून लावला, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

आधी पाठवणी, मग रडणं, असं मोठ्यांनी ठरवलं. आक्का आत निजली आहे, असं चतुराला सांगितलं. पुंजारामानं मला चतुराच्या गाडीत ठेवलं आणि तोंड फिरवलं. चतुराला आठ दिवसांनी कळलं. वाटभर मी तिच्या मांडीवर होते. मला माहीत होतं, तिला नव्हतं.

तिनं मला पुन्हा कधी उघडलं नाही. भर उन्हात ती मोकळ्या डोक्यानं शेतात जाई. सासू ओरडे, "अगं, रंग जाईल!" चतुरा खुरपं उचलून चालू लागे. दोन-तीन उन्हाळ्यांत तो गोरा रंग रापून गेला आणि मग त्याचं कुणी नावही काढेना.

मित्रांनो, मला उन्हापावसातून जपा, काड्यांना तेल लावा, असं काही माझं मागणं नाही. फक्त कुणी तुमच्यावर छत्री धरली, तर धरणारा कुठं उभा आहे ते बघा. त्याला नुसतं बोलावू नका, हाताला धरून आत ओढा. बोलावलं तर चतुरानंही होतं.