आठाने भागायचं राहिलं

त्या रविवारी अच्युतराव जेवणाच्या टेबलापाशी मटार सोलत बसले होते आणि मी फ्रिजवर, माझ्या नेहमीच्या जागी, हिरवे दिवे लुकलुकवत होतो. मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबाद भागातल्या या घराला इंटरनेट पुरवतो, तो मीच.

माझा जन्म एका कारखान्यात, सारख्याच चेहऱ्याच्या शेकडो भावंडांमध्ये झाला. या घरी आलो तेव्हा मनोरमाबाईंनी कौतुकाने माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला. अच्युतरावांनी तो लगेच उचलला. "अगं, तापेल तो!" दूरसंचार खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस. माझी काळजी कशी घ्यायची, हे त्यांना जास्त कळे. पुढे मनोरमाबाई गेल्या, आणि घरात अच्युतराव आणि मी असे दोघेच उरलो.

माझं काम दोन मापांच्या मधे उभं राहण्याचं आहे. बाहेरून लाइन देणारी कंपनी वेग सांगते बिटांत. घरातला कॉम्प्युटर फायली मोजतो बाइटांत. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून कंपनीच्या आकड्याला आठाने भागलं, की घरातला खरा वेग कळतो. इथे कुणी चुकलं, तर अच्युतराव सोडत नसत. एकदा शेजारच्या नलिनीबाई तणतणत आल्या.

"भावजी, शंभरचं कनेक्शन घेतलं आणि स्क्रीनवर बाराच दिसतात. ठगलं हो आम्हाला!"

"ठगलं नाही, वहिनी. आठाने भागा."

"म्हणजे भागाकार करायला घेतलं का मी इंटरनेट?"

मंजूषा अच्युतरावांची मुलगी. राहायला मिसरोदला, नोकरी मंडीदीपच्या एका कारखान्याच्या ऑफिसात. रविवारी यायची, पण बसायची खुर्चीच्या कडेवर. चहा संपला, की "निघते बाबा." अच्युतराव दारापर्यंत जायचे. थांब असं ते कधी म्हणाले नाहीत.

त्या रविवारी तिला पुण्याच्या भावाला, निनादला, आईच्या जुन्या चित्रफिती पाठवायच्या होत्या. त्या अच्युतरावांच्या कॉम्प्युटरवर होत्या, सगळ्या मिळून अठरा जीबी, म्हणजे अठरा हजार एमबी. लाइनचा पाठवण्याचा वेग होता सेकंदाला दहा मेगाबिटचा.

"अठरा हजार भागिले दहा," ती म्हणाली. "अठराशे सेकंद. अर्धा तास, बाबा. मध्येच बंद पडायला नको, होईपर्यंत थांबते."

अच्युतरावांच्या हातातली शेंग तशीच राहिली. आता ते 'आठाने भाग' म्हणणार, याची मी वाट पाहिली. अर्ध्या तासाचे चार तास होणार होते.

"हो," ते म्हणाले, "अर्धा तास लागेलच." उठून त्यांनी स्क्रीन बंद केली. "उगाच वीज कशाला?"

अर्ध्या तासाने तिने विचारलं, "झालं का?"

"आज लाइन मंद दिसतेय. तू मटारची उसळ खाऊन बघ, तुझ्या आईसारखी जमलीये का."

"बाबा, मीठ विसरलात!"

"मग नाही जमली."

दोघं पोटभर हसली. मग मंजूषा दिवाणावर लवंडली आणि झोपून गेली. त्यांनी तिच्या अंगावर शाल घातली आणि समोर खुर्ची ओढून नुसतेच बसून राहिले.

मित्रांनो, मी त्या दिवशी मंद नव्हतो. माझ्या पूर्ण वेगाने मी ते काम केलं. पण जाताना मंजूषा म्हणाली, "हा डबा भंगारात द्या आता." तिच्यामागे दार लागल्यावर अच्युतरावांनी खांद्यावरच्या पंच्याने मला पुसलं. आमच्यासारख्या यंत्रांना नावं ठेवण्याआधी, आमच्या शेजारी कोण बसलंय, तेही जरा बघत जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली. दार उघडलं नाही. अच्युतराव झोपेतच गेले होते.

तेरावं झाल्यावर मंजूषा आणि तिचा नवरा आशय घर आवरायला आले. कनेक्शन बंद करण्याआधी वडिलांचे फोटो तिला स्वतःकडे पाठवून घ्यायचे होते. बारा जीबी.

"वीस मिनिटांत होईल," ती म्हणाली.

आशय पुस्तकं खोक्यात भरत होता. "कुठली वीस मिनिटं, यार! आठाने भाग की. पावणेतीन तास तरी धर. बाबांनी तर लग्नाच्या पंगतीत माझी क्लास घेतली होती. वाढपी श्रीखंड घेऊन ताटकळला, पण यांचं बिट-बाइट संपेना."

मंजूषा हसली. मग तिने स्क्रीनवरून मान वर केली.

"त्या रविवारी मी असंच चुकीचं गणित केलं होतं. मोठ्याने. त्यांच्यासमोर."

"मग?"

"हो म्हणाले."

आशयने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "बाबा? चूक ऐकून हो म्हणाले?"

ती दिवाणाकडे बघत राहिली, मग त्याच्यासमोरच्या खुर्चीकडे. ती खुर्ची अजून तिथेच होती. आशय आवाज न करता आतल्या खोलीत गेला.

मंजूषा खुर्चीसमोर, दिवाणावर जाऊन बसली.

"बाबा," ती म्हणाली, "नुसतं थांब म्हणायचं होतं. मी थांबले असते."